आठ दगडांचे नाना

नानांनी माझ्याकडे पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर आधार कार्ड. त्यात नवल काही नाही. खोली भाड्याने देणारा कुठलाही घरमालक ते मागतोच. पण नानांनी ते कार्ड उन्हात धरलं, नखाने कोपरा खरवडून बघितला, फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "ह्यो तूच?"

"हो, मीच."

"कशावरून?"

याला उत्तर नसतं. मी म्हटलं, मी साताऱ्याकडचा, इथे द्रोणागिरीला कंटेनर यार्डात नोकरीला लागलोय. त्यावरही "कशावरून?" मी चिडून म्हणालो, "बोलण्यावरून कळत नाही का?" तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "बोलनं कोनालाबी शिकता येतं."

तरीही खोली दिली. पुढे सहा वर्षं मी त्या घरात राहिलो. नाना गेले त्याला आता वर्ष होत आलं, पण अजूनही कुणी मला काही ठामपणे सांगायला लागलं की माझ्या तोंडात तो शब्द येतो. बायको म्हणते, तुला म्हाताऱ्याची लागण झालीय.

खरं सांगायचं तर लागायला मी आधीच तयार होतो. यार्डात माझं काम सील तपासण्याचं. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर येतो, त्याच्या दाराला सील असतं, त्यावर नंबर असतो. सील कुणी छेडलंय का, नंबर तोच आहे का, हे बघायचं. दिवसभर समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. पण मी संध्याकाळी घरी आलो की संशय बुटांबरोबर दाराबाहेर काढत असे. नाना तो अंगात घालूनच झोपत.

काटकुळा देह, जाळीचं बनियन, गुडघ्यापर्यंत लुंगी आणि गळ्यात करगोट्याचा काळा दोरा. दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात त्यांचं स्वतःचं आधार कार्ड. शेजाऱ्यांनी वाटीभर कोलंबीचं कालवण पाठवलं तर आधी विचारत, "त्याला आज काय पायजे?" वीजमीटर बघायला येणाऱ्या पोराला ते आकडा मोठ्याने वाचायला लावत आणि मग स्वतः वाचून बघत. आजी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाली, "लग्नात अंतरपाट धरला व्हता ना, तवा ह्यानं वरशी वाकून बगितलं. नवरी बदलली तर नाय म्हनून. सगला मांडव हसला." नाना तिथेच बसले होते. म्हणाले, "बगितलं म्हनून तर खातरी जाली."

मी हसलो, पण त्यांच्या संशयाला मूळ नव्हतं असं नाही. भातशेती, मिठागर, खाडीकडची वाट, सगळं त्यांच्या तरुणपणी नव्या शहरासाठी गेलं. एक माणूस दुर्बीण लावून आला, दुसरा दगड रोवून गेला, तिसऱ्याने कागदावर अंगठे घेतले. नानांच्या डोक्यात दुर्बीण, दगड आणि कागद हे तिघे तेव्हापासून एका टोळीतले झाले.

आता घरामागच्या दफनभूमीचं सांगतो, कारण नाना म्हणजे ती जागाच.

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून ख्रिस्ती लोकांची एक लहानशी दफनभूमी आहे. एका अंगाला खाडीतली तिवरांची झाडं, दुसऱ्या अंगाला ट्रकांचा रस्ता आणि भोवती नव्या सोसायट्या. दुसऱ्या महायुद्धात खाडीच्या तोंडाशी लष्कराची छावणी होती. तिथे तापाने गेलेल्या, बुडालेल्या शिपायांना या जागेच्या एका कडेला पुरलं. त्यांची एकच ओळ आहे. एकाच उंचीचे, एकाच मापाचे आठ पांढरे दगड. प्रत्येकावर वरती नंबर, मग नाव, मग पलटण. काही गोरे, काही आपल्याकडचे ख्रिस्ती शिपाई.

नानांची प्लॅस्टिकची खुर्ची कायम या दगडांकडे तोंड करून असे. फाटकाला कुलूप नानांचं. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. कबरींवर फुलं ठेवायला गावातलं एखादं ख्रिस्ती कुटुंब आलं तर मुकाट्याने उघडत. पण कुणी अनोळखी आलं, विशेषतः त्या आठ दगडांकडे वळलं, की नाना आडवे. "कोन तुमी? कार्ड हाय?" फोटो काढायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना त्यांनी असं झाडलं की एकाची चप्पल आत राहिली. ती नानांनी भिंतीवर ठेवली होती, पुरावा म्हणून.

एकदा गटाराची लाइन आखायला एक सर्व्हेयर आला. तिकाटण्यावर यंत्र ठेवून डोळा लावला, तर समोर काळं. नाना छत्री उघडून उभे. त्याने यंत्र डावीकडे सरकवलं, छत्री डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. "आजोबा, गटार पायजे का नको?" तो कळवळून म्हणाला. नाना म्हणाले, "गटार नेशील तिकडशी ने. ती दुर्बिनीची नली ह्या दगडांवर लावायची नाय." शेवटी गटार पलीकडच्या गल्लीतून गेलं. आमच्या गल्लीत तेव्हापासून दर पावसाळ्यात घोट्यापर्यंत पाणी. नानांना तो विजय वाटे आणि ते पाण्यात खुर्ची टाकून बसत.

गावाला प्रश्न पडलेला की एका आगरी म्हाताऱ्याला या शिपायांचं काय पडलंय? कुणी म्हणे खाली सोनं आहे. कुणी म्हणे नानांना जागा गिळायचीय, भाव बघा कुठे गेलेत. मला दुसरं पटायचं. कारण मी स्वतः बघितलं होतं. रोज सकाळी नाना आत जात, पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत चालत आणि प्रत्येकापाशी ओठांत काही आकडे पुटपुटत. गंमत म्हणजे दगडावरचा आकडा एक आणि नानांच्या तोंडचा भलताच. मध्येच मान झटकत, रागाने, जसं काही समोरच्याने चुकीचं उत्तर दिलंय. मला वाटलं, मोजणी चाललीय. चहाच्या टपरीवाल्याला वाटलं, मेलेले म्हाताऱ्याला मटक्याचा आकडा देतात. त्याने एक दिवस भिंतीआडून कान देऊन आकडा ऐकला, लावला आणि सपाटून मार खाल्ला. नंतर महिनाभर तो नानांना चहात साखर कमी घालत होता. नानांना अर्थातच कळलं होतं.

मी एकदा सरळ विचारलं, "नाना, हे तुमचे कोण?"

"कोन नाय."

"मग कशाला एवढी राखण?"

"तू पोलिसांचा हायस?"

हा प्रश्न ते हसत विचारत नव्हते. मी नाही म्हटलं. पुढचा शब्द मला माहीतच होता.

मग त्या बाई आल्या.

रविवार होता, सकाळची वेळ. दाराशी टॅक्सी थांबली आणि एक खूप वयस्कर बाई काठी टेकत उतरल्या. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात कापडी पिशवी. फाटकाशी आल्या. नाना खुर्चीतून उठले. मी मागच्या पायरीवर दाढी करत होतो, तोंडाला साबण तसाच ठेवून बघत राहिलो.

"भाऊ, फाटक उघडता का? माझे वडील आहेत आत."

"कंच्या साली गेले?"

"लढाईत."

नानांचा चेहरा एकदम बंद झाला. "कार्ड हाय?"

बाई नगरकडच्या. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, हे नंतर कळलं. कामावरचा आवाज अजून गेलेला नव्हता. "कार्ड टॅक्सीत पर्समध्ये आहे. पण बापाला भेटायला कार्ड लागतं हे मला ठाऊक नव्हतं."

"बाप कशावरून?"

मला लाज वाटली. मी तोंड पुसत पुढे झालो, "नाना, अहो..." पण बाईंनी हाताने मला थांबवलं. त्या नानांकडे बघत म्हणाल्या, "मी पोटात होते तेव्हा ते गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. आईकडे त्यांचा फोटोही नव्हता. तिच्याकडे होता फक्त त्यांचा नंबर. पाकिटावर नंबर घातल्याशिवाय पलटणीत पत्र पोचत नसे. ती मला रोज म्हणायला लावायची. पाढे यायच्या आधी मला तो नंबर यायचा." आणि त्यांनी डोळे मिटून सुरू केलं, शाळेतल्या मुलीसारखं एका सुरात, "तीन, शून्य, सात..."

"नऊ, नऊ, चार," नाना म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले. मी नानांकडे बघितलं. ते दगडांकडे बघत नव्हते. फाटकापासून दगड वाचताही येत नाहीत. म्हाताऱ्याला नंबर पाठ होता.

नानांनी कुलूप काढलं. त्यांना किल्ली दोनदा लावावी लागली.

बाईंच्या पुतण्याच्या मुलाने मोबाइलवर त्या दगडाचा फोटो शोधून दिला होता, त्यामुळे कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. डावीकडून दुसरा दगड. नाव, नंबर, सगळं बरोबर. त्या मी दिलेल्या स्टुलावर बसल्या आणि दगडावरून हात फिरवला. मग पिशवीतून श्रीखंडाचा एक प्लॅस्टिकचा डबा काढला. "आईच्या कबरीची माती आहे," मला म्हणाल्या. "तिला कधी इथवर येता आलं नाही. म्हणायची, त्यांच्या अंगावर मूठभर माती मी टाकायला हवी होती. एवढं राहिलं बघ." आणि त्यांनी झाकण काढलं.

"थांबा," नाना म्हणाले.

मी मनात म्हटलं, झालं. आता हा मातीतही काहीतरी काढणार. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

नानांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. टॅक्सीवाला गाडी पुसत होता. ते खाली बसले, उकिडवे, बाईंच्या समोर. "बाय, तुमी पोलिसांच्या नाय ना?"

"या वयात?" बाई म्हणाल्या.

"मंग सांगतो. ह्या दगडाखाली तुमचा बाप नाय."

त्यानंतर नाना जे बोलले ते त्यांनी पन्नास वर्षं कुणाजवळ बोललेलं नव्हतं. आजीलाही माहीत नव्हतं.

जमिनी घेणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात हद्दीचे दगड रोवले जायचे आणि गाववाले ते उपटून खाडीत टाकायचे. कुणी रोवायचं, कुणी उपटायचं, हाच उद्योग. याच सुमाराला या शिपायांचे लाकडी क्रूस वाळवीने खाल्ले म्हणून तिथे नवे दगड बसले. कुणीतरी बाहेरचे लोक आले, बसवून गेले. गावाने दुसऱ्या दिवशी बघितलं, तर कोरे करकरीत पांढरे दगड, एका मापाचे, एका ओळीत. आणि प्रत्येकावर नंबर.

"आमाला विंग्रजी कोनाला येत व्हती?" नाना म्हणाले. "नंबर तेवढं कललं. आमी बोललो, सर्वे नंबर. सरकारनी मेलेल्यांची जागा बी घेतली."

गावात लग्न होतं, वाजंत्री वाजत होती. भर दुपारी दहाबारा जणांनी आठही दगड उपटले आणि मिठागराच्या बांधावर पालथे टाकले. नाना त्यांत सगळ्यांत लहान, पण सहावीपर्यंत शिकलेले, आकडे येणारे. म्हाताऱ्यांनी त्यांना सांगितलं, उपटायच्या आधी नंबर पाठ कर. ओळीने पाठ कर, कुणाच्या बाजूला कोण ते बरोबर, आणि तलाठ्याकडे जाऊन बघ कुणाकुणाची जमीन गेली. नाना तालुक्याला चालत गेले. तलाठ्याने आकडे ऐकले आणि हसून म्हणाला, एवढे लांब नंबर अख्ख्या तालुक्यात नाहीत.

इकडे गावात कुणा ख्रिस्ती म्हातारीने येऊन टाहो फोडला तेव्हा लोकांना कळलं आपण काय उपटलंय. पायांखालची जमीन सरकली. मेलेल्या माणसांचे दगड! पोलीस येतील ते वेगळंच. घाईघाईने दगड उचलून आणले आणि हाताला येईल तो, दिसेल त्या खड्ड्यात उभा केला. नाना संध्याकाळी परत आले, ओळ बघितली आणि ओरडले की हे चुकलंय.

"म्हातारी मानसं बोलली, मेलेल्याला काय कलतं? गप बस, तोंड उघडलंस तर सगलं गाव आत जाईल. मी गप बसलो. ती सगली मेली. मी एकटा उरलो." नानांनी ओठ पुसले. "रोज बोलून बगतो. इसरलो तर कोनालाच म्हाईत नाय."

ते उठले आणि ओळीच्या उजव्या टोकाला गेले. शेवटच्या दगडापाशी, तिवरांच्या बाजूला. त्यावर कुणा गोऱ्याचं नाव होतं. "तुमचा बाप हितं हाय."

बाई काठी टेकत तिथे आल्या. दगडावरचं परकं नाव त्यांनी वाचलं. मागे वळून आपल्या वडिलांच्या नावाकडे बघितलं. जन्मभर शोधलेलं नाव तिथे होतं आणि हा माणूस, ज्याने फाटकावर त्यांना चोरासारखं उभं केलं होतं, तो म्हणत होता की इथे या. मीही मनात हिशेब करत होतो. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण. म्हातारपण. डोक्याने जरा तिरका. माझ्या यार्डात असं कुणी आलं असतं तर मी गाडी बाजूला लावायला सांगितली असती.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

नाना उभे राहिले ते राहिलेच. त्यांचा तो शब्द त्यांना कुणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.  त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या हट्टी, कटकट्या माणसाची इतकी दया आली की मी दुसरीकडे बघायला लागलो.

बाईंनी हात पुढे केला. "भाऊ, तुमचं आधार कार्ड बघू."

त्या चिडवत होत्या की खरंच मागत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. पण नानांनी मुकाट्याने गळ्यातला दोरा मानेवरून काढला, पाकिटातलं कार्ड ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. बाईंनी चष्मा लावला. त्या वाचत असताना नाना घाईने म्हणाले, "त्याच्यावरची जन्मतारीख खोटी हाय. एक जून. मास्तरनी टाकली. बाकी सगलं खरं हाय."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"माझीही एक जूनच," त्या म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंनी टाकली. खरी तारीख आईलाही नव्हती सांगता येत. बाबा गेल्याची तार आली त्याच आठवड्यातली, एवढंच म्हणायची."

त्यांनी कार्ड परत दिलं. आणि त्या परक्या नावाच्या दगडापाशी खाली बसल्या, डबा हातावर उलटा केला आणि आईची माती वडिलांवर हळूहळू पसरली. नाना जरा दूर, हात जोडून उभे होते. कुणाला जोडले होते, बाईंना की खालच्या शिपायाला, कोण जाणे. जो माल आणणारा स्वतःहून आपल्या कागदातलं खोटं दाखवून देतो त्याचा कंटेनर सहसा उघडावा लागत नाही, हे माझ्या धंद्यातलं मला कळायला हवं होतं. बाईंना ते आधी कळलं.

टॅक्सी गेल्यावर नाना दगडांकडे तोंड करून खुर्चीत बसले ते दुपारपर्यंत. मग मला हाक मारली. "त्यांचं कार्ड बगायचं रायलंच रं."

"नाना!"

"नाय, ती खरीच व्हती." मग म्हणाले, "बाकीच्या सातांच्या पोरी आल्या तर?"

त्या प्रश्नाने ते आजारी पडायची वेळ आली. शेवटी मी या कबरींची देखभाल बघणाऱ्यांचा पत्ता शोधला आणि कळवलं. एक तरुण साहेब गुंडाळलेला जुना नकाशा घेऊन आला. नानांना वाटलं बेड्या घेऊन आलाय. त्यांनी नवीन बनियन घातलं होतं आणि आजीला दोन दिवसांचा भात रांधून ठेवायला सांगितलं होतं. साहेब नकाशा उलगडायला लागला, तर नानांनी त्याचा हात धरला. "आदी मी बोलतो. मंग कागद उघड." आणि ते ओळीने चालत गेले, प्रत्येक जागेपाशी थांबून खाली असलेल्या माणसाचा नंबर म्हणत. मी लिहून घेतले. साहेबाने नकाशा उघडून ताडून बघितलं. सहा अगदी बरोबर, मधले दोन एकमेकांच्या जागी. उजव्या टोकाला, तिवरांच्या बाजूला, बाईंचे वडील.

मधल्या दोघांबद्दल नानांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, की कागद चुकलाय. पण दगड कागदाप्रमाणे बसले. बसवणाऱ्या मजुरांकडे त्यांनी आधी कार्डं मागितली.

त्या रात्रीच मी बाईंना नगरला फोन लावला. स्पीकरवर, कारण नाना शेजारी कान देऊन बसलेले. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "बाई, जुना नकाशा सापडला. पक्कं झालं. तुमचे वडील तिथेच आहेत, आता दगडही तिथे आलाय."



"दगड आला ते फार बरं झालं," बाई म्हणाल्या. "पण पक्कं कशाला करत बसलात? मी माती टाकली तेव्हाच पक्कं होतं. मला भाऊंनी सांगितलं होतं की."

मी नानांच्या तोंडाकडे बघितलं. आता येईल म्हणून वाट बघत राहिलो. त्यांनी गळ्यातलं पाकीट मुठीत धरलं होतं, ओठ हलत होते. पण तो शब्द काही आला नाही.